गणपतीला नेलेली नवी बॅटरी

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

आमच्या गावात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. ‘बॅटरीची बॅटरी संपली’ असलं काही बोललात की तुम्ही मुंबईचे, हे लगेच कळतं. म्हणून मीही पुढे बॅटरीच म्हणणार आहे.

ही नवी बॅटरी तीन आठवड्यांपूर्वी घेतली. याच बॅटरीची आधीची आवृत्ती माझ्याकडे चार वर्षं होती. तिच्याबद्दल तक्रारी तीन : उजेड निळसर पांढरा, सर्वांत मंद पायरीसुद्धा झोपलेल्या माणसाला उठवेल इतकी प्रखर, आणि बंद करायची तर आधी लुकलुकणाऱ्या पायरीतून जावं लागायचं. सुधारित आवृत्तीत तिन्ही दुरुस्त केल्याचं खोक्यावर लिहिलं होतं. उजेड १२०० ल्युमेन, झोत ३०० मीटर, आत २१७०० जातीचा सेल. हा आकडा म्हणजे नुसती मापं : २१ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी. किंमत २,९०० रुपये. घरात हा आकडा मी १,९०० सांगितला आहे.

डोंबिवलीत तपासायला अंधारच मिळेना. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, तरी समोरच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा आत येतोच. म्हटलं, गणपतीला गावी न्यावी. कुडाळपासून बारा किलोमीटरवर आमची वाडी. भाद्रपद, पाऊस, अमावास्या दोन दिवसांपूर्वीच झालेली. अंधाराला तिकडे तोटा नाही.

तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. रविवारच्या तारखेचं तिकीट रविवारी रात्रीचं समजून दरवर्षी कुणीतरी चुकतोच. या वर्षी आमच्या डब्यात तशी दोन कुटुंबं होती. वरच्या बर्थवर सॅक उशाशी घेऊन मी झोपलो. चिपळूणच्या आसपास कधीतरी प्लास्टिक तापल्याचा वास आला आणि मानेखाली ऊब लागली. सॅकच्या आत दिवाळी चालू होती. कुठल्या तरी वस्तूने बटण दाबलं गेलं होतं आणि बॅटरी कोंडून जळत होती. हाताला चटका बसला. खारी बिस्किटांची पिशवी तिला चिकटून आक्रसलेली. पूर्ण प्रखरतेवर इतक्या छोट्या नळीतून काही वॅट उष्णता बाहेर पडत असते. मोकळ्या हवेत हात ती पिऊन टाकतो. कपड्यांच्या घडीत तिला जायला वाट नसते. आत तापमान पाहून प्रखरता उतरवणारी सोय आहे म्हणून निभावलं.

यावरचा उपाय मला माहीत होता, केला मात्र नव्हता. मागचं टोपण पाव फेरा सैल करायचं. आट्यांवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. टोपणाची कड नळीला टेकली तरच मंडल पूर्ण होतं. पाव फेऱ्याने टेकणं सुटतं, मग बटण कितीही दाबा.

संध्याकाळी हे काकीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता हसली. ‘‘त्यात काय रे झिला, एक सेल उलटो घालून ठेवूचो मां.’’ तिची दोन सेलची बॅटरी गेली तीस वर्षं अशीच ठेवलेली असते. एक सेल उलटा असला की दीड व्होल्ट अधिक आणि दीड व्होल्ट वजा, बाकी शून्य. अभियंत्याला सुचायच्या आधी हा कुलूपबंद प्रकार कोकणातल्या फळीवर होता. माझ्या बॅटरीत एकच सेल आहे, तिचं टोपण फिरवायचं, असं मी तिला करून दाखवलं. तिने एकदा करून पाहिलं आणि पिठाचे हात पुसले.

साडेसातला लाइट गेली. मी तयारीतच होतो. मुंबईत बॅटरी टेबलावर उभी करून छताकडे झोत सोडला की पांढरं छत सगळी खोली उजळतं. इथेही तशीच उभी केली, आणि काहीच झालं नाही. वर कौलं, त्याखाली वासे, त्यावर साठ वर्षांचा चुलीचा धूर. १२०० ल्युमेन त्या काजळीने गिळले आणि ढेकरही दिला नाही. शेवटी दुधाची रिकामी पांढरी पिशवी धुऊन बॅटरीच्या तोंडावर घातली, रबर लावलं आणि खुंटीला टांगली. मंद पायरीवर. माजघर चांगलं उजळलं, डोळ्यांना टोचणारा ठिपका गेला. सगळ्या आठवड्यात सर्वांत उपयोगी पडलेला सुटा भाग तोच.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज गणपती घरी आणायचा. आमच्याकडे मूर्ती दुकानातून येत नाही, गणपतीच्या शाळेतून येते. वर्षभर सुतारकाम किंवा शेती करणारा माणूस श्रावणात शाडूची पोती उघडतो, पाट मांडतो आणि त्याच्या पडवीची शाळा होते. घराघरातून आधीच पाट दिलेले असतात, त्यावर नाव खडूने.

आम्ही दुपारी चारला पोचलो तर लाइट नव्हतीच आणि आभाळ भरून आलेलं. आखणी अजून पाच-सहा मूर्तींची बाकी. आखणी म्हणजे डोळे. ते काम बुवा शेवटी करतात आणि तेव्हा पडवीत कुणी बोलत नाही. इन्व्हर्टरवर एक स्वस्त एलईडीचा दिवा चालू होता, आणि बुवा वैतागलेले. ‘‘ह्या दिव्यात लाल रंग मरता,’’ म्हणाले.

इथे माझी बॅटरी खऱ्या अर्थाने कामाला आली, आणि मला ती का आवडली हेही इथेच कळलं. पांढरी एलईडी मुळात निळी असते. निळ्या चकतीवर पिवळसर लेप असतो. थोडा निळा उजेड आरपार येतो, थोडा लेपात शिरून पिवळा होऊन बाहेर पडतो, दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरं वाटतं. वाटतं, एवढंच. त्या उजेडात निळं भरपूर, पिवळं भरपूर आणि गडद लाल अगदी थोडं. उजेडात जे नाही ते वस्तू परतवणार कुठून? मग जास्वंद तपकिरी, पितांबर हिरवट, आणि गणपतीच्या तळव्याचा लाल विटेसारखा. रंग कितपत खरे दिसतात याचा शंभरापैकी आकडा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. जुन्या तारेच्या दिव्याला जवळजवळ पूर्ण शंभर. स्वस्त एलईडीला सत्तरच्या आसपास. माझ्या नव्या बॅटरीच्या खोक्यावर नव्वद लिहिलं होतं.

खोक्यावर काहीही लिहितात. म्हणून मी काही न बोलता बॅटरी मधल्या पायरीवर लावली आणि पडवीच्या चुना लावलेल्या भिंतीवर झोत टाकला, म्हणजे उजेड परतून मऊ होऊन मूर्तीवर पडेल. बुवांनी ब्रश खाली ठेवला. आळत्याच्या रंगाची वाटी उचलली, एकदा त्यांच्या दिव्याखाली धरली, एकदा माझ्या भिंतीच्या उजेडात. मग काही न बोलता बसायचं पाटच त्यांनी माझ्या बाजूला सरकवलं.

पाऊण तास मी बॅटरी धरून उभा होतो. हात भरून आला, पण हलवायची सोय नव्हती, कारण हात हलला की डोळ्याची सावली हलते. सहा मूर्तींचे बारा डोळे माझ्या उजेडात उघडले. आमची मूर्ती त्यात नव्हती, आमची आखणी सकाळीच झाली होती. निघताना बुवांनी विचारलं, ‘‘कितयाक गावली?’’ मी खरा आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘‘तेवढ्या पैशात बकरो इलो असतो.’’ पण दुकानाचं नाव मात्र त्यांनी मुलाकडून वहीत लिहून घेतलं.

रात्री माटवी बांधली. गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, तिला कवंडाळं, सुपारीचे शिप्टे, हरणाची फुलं, कांगण्या अशी फळं-फुलं टांगायची. शिडीवर चढलेल्या चुलतभावाला खालून उजेड दाखवायचं काम माझं. मी झोत त्याच्या हातावर मारला की हाताची सावली नेमकी गाठीवर. पाचेक मिनिटांत त्याने बॅटरी माझ्याकडून काढून घेतली आणि दातांत धरली. १४० ग्रॅम वजन दातांत धरून माणूस काय बोलतो ते लिहिता येण्यासारखं नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

चतुर्थी. दिवसभर लाइट होती. बॅटरी दोनदाच लागली : मखराच्या मागे सॉकेट शोधायला, आणि पाटाखाली घरंगळलेली सुपारी काढायला. चतुर्थीचा चंद्र बघू नये म्हणतात. संध्याकाळी ढग इतके की चंद्रालाच आम्ही दिसलो नसू. एकवीस मोदकांपैकी मी किती खाल्ले हा बॅटरीचा विषय नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ऋषिपंचमी. सकाळी बॅटरीच्या बटणाखालचा दिवा लाल झाला, म्हणजे सेल उतरला. चार्जिंगला लावली. काहीच नाही. वायर बदलली, सॉकेट बदललं, फुंकर मारली, पुन्हा लावली. नाही. फोन त्याच वायरने चार्ज होत होता.

हा दोष मला आधी ऐकून माहीत होता, पण माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. टाइप-सी ते टाइप-सी वायरीत दोन्ही टोकं एकमेकांना विचारतात : तू देणारा की घेणारा? घेणाऱ्याने उत्तर द्यायला दोन छोटे रोधक बसवावे लागतात. पैशा-दोन पैशांचे. ते वाचवले की उत्तर येत नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून चार्जर वीजच सोडत नाही. २,९०० रुपयांच्या वस्तूत ही काटकसर केलेली. वर खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘टाइप-सी चार्जिंग’. म्हणजे भोकाचा आकार बदलला, चार्जिंग जुनंच ठेवलं. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, पण रात्री आरतीत मी त्याला आठवलं.

उपाय जुना, चपट्या चौकोनी तोंडाचा चार्जर. तो वाडीत शोधायचा कार्यक्रम दुपारी झाला. पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी नेवऱ्या आणि चहा. तिसऱ्या घरी चार्जर होता, पण तो जिच्या फोनचा होता ती मुलगी ओवसे, म्हणजे गौरीपुढे ठेवायची सुपं, भरायच्या तयारीला माहेरी आलेली, आणि तिचा फोन त्याच चार्जरवर. चौथ्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ आणि, शेवटी, टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला एक चार्जर. साडेचार तासांत सेल भरला. आठवड्यात हीच एक वेळ पूर्ण चार्ज करावी लागली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज खालच्या वाडीत भजन. आठला निघायचं ते साडेनऊला निघालो. पुढे पखवाजवाला, मग पेटी डोक्यावर घेतलेला पोरगा, मग टाळ-झांजा, मागे आम्ही बिनकामाचे. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, गडग्यांवर शेवाळ. पुढे शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून वाट, मग ओढ्यावरचा साकव, मग घाटी.

मी उत्साहाने पूर्ण प्रखरतेवर बॅटरी लावली. पाच पावलांत पाठमोरा चाललेला पेटीवाला ओरडला. त्याचीच सावली त्याच्या पायापुढे पडत होती आणि खड्डा नेमका सावलीत. वळून बघायला गेला तर झोत डोळ्यांत. आबाकाका म्हणाले, ‘‘बॅटरी पायात मार रे. तोंडात नको. भुतां नाय हत हयसर, माणसां हत.’’

खरं तर चांगल्या बॅटरीवाल्याची ओळख हीच. गावातली म्हातारी माणसं बोटभर उजेडात चालतात. पायाच्या दोन पावलं पुढे गोल, समोरून कुणी आलं की गोल स्वतःच्या पायाशी. शेतापलीकडून पाहिलं तर एकेक पिवळा ठिपका मेरेवरून सरकताना दिसतो आणि तो कोण हे चालीवरून ओळखतात. माझा झोत बघून पलीकडच्या मेरेवरून कुणीतरी ओरडलं, ‘‘डंपर खयसून इलो?’’

मी मंद पायरीवर आलो. पंधरा ल्युमेन. आधी काहीच दिसेना, कारण मघाचा प्रखर उजेड डोळ्यांत होता. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोडायला एक झोत पुरतो. साकवापाशी पोचेपर्यंत त्या पंधरा ल्युमेनमध्ये मला शेवाळ, दगडाची कड, पाण्याची चमक सगळं दिसायला लागलं. खोक्यावरचे ३०० मीटर कसे मोजतात तेही सांगतो. जिथे झोताचा उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तीनशे मीटरवरचं झाड चांदण्यात दिसेल तेवढं दिसतं, म्हणजे झाड आहे हे कळतं, फणस की आंबा ते नाही. मला पायाखालचा दीड मीटर हवा होता.

घाटीत धुकं भेटलं. पाऊस थांबला होता, पण ढगच उतरून आलेला. मागून एकाने डोक्याला बांधायची बॅटरी लावली आणि थांबला. त्याला समोर फक्त पांढरी भिंत दिसत होती. डोळ्यांच्या अगदी वरून उजेड निघाला की प्रत्येक थेंब तो सरळ डोळ्यांत परतवतो. मी माझी कमरेखाली, जवळजवळ गुडघ्याशी धरली. तिथून झोत धुक्याच्या खालून जातो आणि परतलेला उजेड डोळ्यांकडे कमी येतो. आबाकाका म्हणाले, आम्ही चूड अशीच खाली धरायचो. चूड म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांची मोळी, पेटवून हलवत न्यायची. हलवली की फुलते, थांबली की मंदावते. मला वाटलं, तिलाही दोन पायऱ्या होत्याच की.

परतताना अडीच वाजले होते. साकवाच्या अलीकडे आबाकाकांनी काठी आडवी धरली. कुणी काही बोललं नाही. मी मंदवरून मधल्या पायरीवर आलो. गडग्याच्या पायथ्याशी, वाळलेल्या पानांत, वीतभरापेक्षा थोडा मोठा, मातीच्या रंगाचा जीव. डोक्यावर बाणासारखी खूण. मग तो आवाज, अंगाची वळणं एकमेकांवर घासल्याचा, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचर. फुरसं. महाराष्ट्रात माणूस मारणारे सापाचे चार प्रकार सांगतात, नाग, मण्यार, घोणस आणि हे. यातलं सर्वांत लहान हे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्वांत जास्त भेटणारंही हेच.

तारेच्या पिवळ्या दिव्यात तो दिसला नसता असं मी म्हणणार होतो. पण आधी दिसला तो आबाकाकांना, आणि त्यांच्या हातात काकीची जुनी दोन सेलची होती. तेव्हा ते म्हणणं मागे घेतो. माझ्या बॅटरीने एवढंच केलं की मागच्या बारा जणांना तो कुठे आहे ते लांबून बघता आलं आणि सगळे वळसा घालून मेरेवर उतरले. चिखल गुडघाभर. पखवाज सुखरूप.

शनिवार, ३० ऑगस्ट

काकीची बॅटरी रात्री पडली आणि बल्ब गेला. कुडाळच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात तसा तारेचा बल्ब मागितला तर दुकानदाराने डबा हलवून दाखवला. एकच शिल्लक होता. ‘‘आता सगळे एलईडी नेतात,’’ म्हणाला आणि त्याच आट्यांचा एलईडी बल्ब पुढे केला. चाळीस रुपये. मी दोन्ही घेतले. काकीच्या बॅटरीचीही सुधारित आवृत्ती करायची, आणि तीही चाळीस रुपयांत, ही कल्पना मला फार आवडली.

काकीला नाही आवडली. पहिल्यांदा तर लागलीच नाही. सेल सवयीने उलटे घातले होते, दोन्ही. तारेच्या बल्बला उलट-सुलट काही नसतं, वीज कुठूनही येवो, तार तापते. एलईडी एकाच दिशेने वीज घेते. सेल सरळ केले, लागली. लागली ती निळी, आणि झोताच्या मधोमध मळकट डाग. आतला चकचकीत वाडगा तारेसाठी घडवलेला. तार सगळ्या बाजूंनी उजळते, म्हणून वाडग्याला मागचा-बाजूचा उजेड मिळतो आणि तो त्याचा झोत करतो. एलईडीचा बहुतेक उजेड नाकासमोर जातो, वाडगा उपाशी. लांबचं कमी दिसतं, जवळचं भगभगीत.

शिवाय दोन सेलांचे तीन व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण तितकेच लागतात. सेल जरा उतरले की तिच्या पोटाला पुरत नाही. आत व्होल्ट वाढवणारं मंडल असेल तर गोष्ट वेगळी, पण चाळीस रुपयांत काय काय मागायचं.

काकीने ती गोठ्यात नेली आणि परत आली. ‘‘म्हशीचा दूध निळा दिसता,’’ म्हणाली. मी मुकाट्याने तारेचा बल्ब बसवला.

चुलतभावाचा सात वर्षांचा मुलगा सगळं बघत होता. त्याने माझी बॅटरी बंद असताना काचेतून आत डोकावून विचारलं, ‘‘आत पिवळा आसा, मग उजेड पांढरो कसो?’’ एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्याला सांगितलं की पिवळ्याच्या खाली निळा लपलेला आहे, आणि तो निळा बनवायला माणसांना फार वर्षं लागली. लाल एलईडी १९६२ सालीच दिसायला लागली होती. प्रखर निळी यायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि ज्या तिघांनी ती केली त्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ‘‘लुकलुकवून दाखव.’’

दोनदा पटकन दाबलं की लुकलुकते. ही पायरी सुधारित आवृत्तीतूनही त्यांनी काढलेली नाही, फक्त लपवली आहे. त्या दिवसापासून पोराला ती जागा माहीत झाली. याचा त्रास पुढे झाला.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. बायका गडबडीत, पुरुष आडवे. रात्री पाऊस नव्हता म्हणून पोराला खळ्यात घेऊन गेलो. बॅटरी कानशिलाला, डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि गवतावर झोत टाकायचा. दवाचे थेंब चमकतात ते पांढरे. पण मधेच एखादा ठिपका हिरवट, हिऱ्याच्या कणासारखा, आणि डोकं हललं तरी जागचा न हलणारा. त्या ठिपक्याकडे नजर न हटवता चालत जायचं. जवळ गेलं की तिथे कोळी बसलेला असतो, नखाएवढा. त्याच्या डोळ्यांच्या मागे आरशासारखा थर असतो आणि तो उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो. म्हणून बॅटरी डोळ्यांजवळच हवी. पोटाशी धरली तर एकही दिसत नाही.

आमच्या खळ्यात त्रेसष्ट मोजले. मग पोराला झोप येईना, ‘‘ते सगळे आमका बघतत?’’

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीपूजन. बॅटरीला सुट्टी. मला नाही, वाढायला होतो.

मंगळवार, २ सप्टेंबर

सातव्या दिवशी गौरी-गणपती एकत्र जातात. आमच्या वाडीतले अकरा गणपती एका रांगेत, डोक्यावर, पाटासकट, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोंडीपर्यंत. दशमीचा चंद्र होता, पण ढगांनी तो ठेवून घेतला. कोंडीजवळ पोचेपर्यंत अंधार. काठावर आरती झाली. सगळ्यांनी बॅटऱ्या पाण्यावर धरल्या तर पाण्याने उजेड परतवला आणि पाण्यात उतरलेल्यांना पायाखालचं काहीच दिसेना. आबाकाकांनी सगळ्यांना बंद करायला लावलं. ‘‘एक फक्त ठेवा, लांबसून.’’ मी वरच्या दगडावर उभा राहून आंब्याच्या फांद्यांवर झोत सोडला. पानांवरून परतलेला उजेड खाली पडला, सावल्यांशिवायचा. पडवीतल्या चुन्याच्या भिंतीने शिकवलेलं.

चौथा की पाचवा गणपती जात असताना माझा पाय घसरला. मी सावरलो, बॅटरी नाही. दगडावरून एकदा आपटली आणि कोंडीत गेली. छातीभर पाणी, पावसाळी, शाडूच्या मातीने गढूळ. वरच्या सगळ्यांनी ‘अरेरे’ केलं आणि मग गप्प झाले, कारण ती बंद झाली नव्हती. खाली, तळाशी, चहाच्या रंगाचा एक उजेडाचा डाग, आणि वरून उतरणाऱ्या मूर्तीची सावली त्यातून जाताना दिसली. काही क्षणच. मग माती ढवळली आणि डाग विरघळला.

चुलतभावाने बुडी मारून ती पायांनी शोधून काढली. अजून चालू होती. काचेच्या कडेला एक ओरखडा, एवढंच. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण मी नीट बसवलेलं होतं, आणि ते योगायोगाने. गुरुवारपासून दर वेळी अर्धवटच बसवत होतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

संध्याकाळच्या गाडीने निघालो. निघताना बॅटरी काकीला दिली. गोठा, विहीर, पाणंद, तिला माझ्यापेक्षा जास्त गरज. चौकोनी तोंडाचा चार्जर त्या चौथ्या घरून चार नारळांच्या बदल्यात कायमचा मिळवून दिला. मंद पायरी कशी लावायची ते दाखवलं. काकीने ती जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवली. मला स्टेशनच्या रिक्षापर्यंत सोडायला आली ती हातात जुनी दोन सेलची घेऊन.

डोंबिवलीला आल्यावर चौथ्या दिवशी रात्री फोन आला.

‘‘झिला, ती तुझी बॅटरी लुकलुकता. पोराने कायतरी केल्यान. म्हस बुजली.’’

मी म्हटलं, काकी, बटण एकदा लांब दाबून धर. नाही झालं तर दोनदा...

‘‘रवांदे,’’ ती म्हणाली. ‘‘मी टोपण फिरवन ठेवलंय.’’